सुहासरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर : बकुळ आणि कलम १७०

नमस्कार सुहासराव,

माझी मांजरी बकुळ गाडीखाली गेली आणि चालक न कळवता निघून गेला. मांजराला गाडी लागली तर थांबून कळवायचा कायदा हवा, असं मी ज्या लेखात लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. मांजर मोकळं सोडायचं आणि दोष गाडीवाल्याला द्यायचा, हे तुम्हाला पटलेलं नाही. रस्त्यावर माणसं मरत असताना मांजरासाठी कायदा मागणं म्हणजे परदेशी चोचले, असं तुम्ही म्हणता. आणि असा कायदा झालाच तरी तो पाळला जातोय का हे बघणार कोण, असंही विचारता. पुढे लिहिलंय, "चालकाला खुनी ठरवून तुमचं मांजर परत येणार नाही."

हे वाक्य मला लागलं, कारण ते बरोबर आहे. लेखात मी "मारून पळून गेला" असं लिहिलं होतं, ते आज काढून टाकलं. रात्री पावसात, उभ्या गाड्यांच्या मधून मांजर झेपावलं तर कितीही जपून चालवणाऱ्याला ब्रेक मारायला वेळ मिळत नाही. त्या माणसाला शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही. मला फक्त कळायला हवं होतं.

इथे ब्रिटनमध्ये १९८८च्या रोड ट्रॅफिक ॲक्टचं कलम १७० आहे. त्यात घोडा, गाईगुरं, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, शेळी आणि कुत्रा ही नावं दिली आहेत. यातल्या कुणाला गाडी लागली तर थांबायचं, विचारणाऱ्याला नाव-पत्ता द्यायचा, ते जमलं नाही तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. ही यादी १९३०च्या कायद्यातून जशीच्या तशी आलेली आहे. जनावर कामाचं किंवा पैशाचं असलं तर यादीत. मांजर त्यात बसलं नाही. त्याच कलमात पुढे रस्त्याकडेच्या मालमत्तेचाही उल्लेख आहे. म्हणजे गाडी कुणाच्या कुंपणाला किंवा दिव्याच्या खांबाला घासली तर चालकाला थांबावं लागतं. हेजला, म्हणजे कुंपण म्हणून लावलेल्या झुडपांना, लागली तरीसुद्धा. मांजराला लागली तर नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कलम पुन्हा वरपासून वाचलं, आपलंच काही चुकतंय असं वाटून.

आता बकुळला शोधण्यात गेलेले ते नऊ दिवस. बकुळ मंगळवारी रात्री आली नाही. मागच्या दारात उभी राहून मी खाऊचा डबा खुळखुळवत होते. त्या आवाजाला ती तीन घरं पलीकडून धावत यायची. बुधवारी खांबांवर कागद चिकटवले. शेजाऱ्यांच्या शेड उघडून घेतल्या, कारण मांजरं आत अडकतात. जखमी झालेलं मांजर झुडपात दडून बसतं हे ठाऊक असल्यामुळे संध्याकाळी टॉर्च घेऊन प्रत्येक हेजच्या बुडाशी वाकून बघत होते. दहाव्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडच्या एक बाई कागद वाचून दारात आल्या. पुढच्या उजव्या पायाला पांढरा मोजा असलेली करडी मांजरी त्यांनी बुधवारी पहाटे रस्त्याकडेला पाहिली होती आणि सफाईची गाडी तिला घेऊन गेली होती. मी त्या कार्यालयात फोन केला. नोंदवहीत त्या तारखेला लिहिलं होतं : मांजर, करडं, मृत. बस. मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप होती, जिच्या क्रमांकावरून मालक सापडतो, पण यंत्र फिरवून क्रमांक बघायचे काही सेकंद कुणी घालवले नाहीत. देहही उरला नव्हता.

इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजराला वीस आठवड्यांच्या आत चिप बसवणं सक्तीचं आहे. नाही बसवली तर ५०० पौंडांपर्यंत दंड. ती सक्ती मालकावर. रस्त्यावरून मेलेलं मांजर उचलणाऱ्यानं ती चिप वाचलीच पाहिजे, असं ते नियम म्हणत नाहीत. 'गिझ्मोज लॉ' या नावाने चालू असलेली मोहीम नेमकं हेच मागते. चालकांनी थांबावं या मागणीच्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि जानेवारी २०२३मध्ये संसदेत चर्चाही झाली. सरकारचं उत्तर तुमच्यासारखंच होतं : अंमलबजावणी अवघड. पण मग कुत्र्याच्या बाबतीत ती सोपी कशी? रिकाम्या रस्त्यावर कुत्रा मेला तरी बघायला कुणी नसतंच. तरी ते कलम आहे, आणि ते आहे म्हणून थांबायचं असतं हे शिकणाऱ्या चालकाला समजतं. मोटरवेवर जीव धोक्यात घालून थांबा असं कुणी म्हणत नाही. पुढे सुरक्षित जागी थांबून फोन करता येतो.

"भारतात असले लाड नाहीत" असं तुम्ही लिहिलंत. जनावराला मारणं किंवा जायबंदी करणं हा तिथेही गुन्हाच. फक्त जुन्या दंडविधानात कलम ४२८ लागू व्हायला जनावराची किंमत निदान दहा रुपये लागायची, ४२९ला पन्नास. हत्ती, उंट, घोडा, गाय यांना किमतीची अट नव्हती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ने ही किंमतच काढून टाकली. अर्थात त्यासाठी हेतू किंवा जाणीव लागते, चुकून झालेला अपघात त्यात येत नाही, आणि ते योग्यच आहे. मरीन ड्राइव्हवर दुचाकीखाली कुत्रा गेल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये तरुण चालकावरचा गुन्हा रद्द केला, तो निकाल मला पटतो. पण आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४मध्ये तिसऱ्या व्यक्तीच्या कुठल्याही मालमत्तेचं नुकसान झालं तर कळवायला सांगितलं आहे, आणि पाळलेलं मांजर ही कायद्याच्या भाषेत मालकाची मालमत्ताच. म्हणजे या एका बाबतीत भारतातलं कलम इथल्यापेक्षा मोठ्या मनाचं आहे. आमची आजी तर म्हणायची, हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. तिला ते काही क्षुल्लक वाटत नव्हतं.

माणसं मरतात, हे खरं. माझ्या मागणीमुळे त्यांच्या वाट्याचं काही कमी होत असेल तर मी ती सोडून देईन. एका फोनने ते होत नाही.

आणि मांजर घरात का ठेवलं नाही? इथे बहुतेकांच्या दाराला मांजरासाठी छोटी झडप असते आणि मांजरं जातात-येतात. मी धोका पत्करला होता, हे मान्य. तो माझ्या वाट्याचा दोष, आणि तो मी रोज उगाळते.

तुम्ही ओघात लिहून गेलात की एकदा तुमच्याही गाडीखाली मांजर आलं होतं आणि तुम्ही थांबला नाहीत, कारण थांबून करणार काय. ते सांगते. जिवंत असलं तर अंगावर जाड टॉवेल किंवा जॅकेट टाका, डोकंही झाकलं जाऊ द्या, म्हणजे ते चावणार नाही. मग सपाट उचलून खोक्यात ठेवा, पाणी-दूध काही पाजू नका, आणि जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. गेलेलं असलं तर कडेला उचलून ठेवा, आणि समोरच्या दुकानात किंवा सोसायटीच्या वॉचमनला एवढं विचारा, की हे कुणाचं आहे.