प्रतिक्रियेला उत्तर: सर्च असताना लेबलं कशाला?

नमस्कार सातारकर,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि कडकही आहे, त्यामुळे दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. जीमेलमधले घरचे ईमेल आवरण्यासाठी मी गेल्या लेखात चार लेबलं (मेलवर लावायच्या विषयाच्या चिठ्ठ्याच म्हणा), मोजके फिल्टर (ठरावीक मेलांना आपोआप लेबल लावणारे नियम) आणि कॉम्प्युटरवर कागदपत्रांचं एक फोल्डर सुचवलं होतं. सातारकरांचं म्हणणं असं की लेबलं लावणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, सर्चमध्ये शब्द टाकला की मेल समोर येतो आणि आयबीएमच्या 2011 च्या अभ्यासातही हेच निघालंय. शिवाय ‘आर्काइव्ह करा’, म्हणजे मेल न उडवता इनबॉक्समधून बाजूला ठेवा, असं सांगून मी लोकांची गुगलची फुकटची 15 जीबी जागा भरवतोय. आणि मोबाइल हातात असताना घरी कॉम्प्युटर उघडतं कोण? शेवटी त्यांनी एक प्रश्नही विचारलाय, त्याकडे शेवटी येतो.

तो अभ्यास चांगला आहे. 345 जणांनी जुने मेल परत कसे शोधले, अशा 85 हजारांहून जास्त नोंदी त्यात तपासल्या होत्या. फोल्डरांची मोठी उतरंड रचणाऱ्यांना मेल जास्त हमखास सापडतात असं दिसलं नाही, उलट वेळच जास्त लागला. सर्च वापरणारे पुढे राहिले. यावर माझा काही वाद नाही, म्हणून तर लेबलं चारच सांगितली, चाळीस नाही. पण तो अभ्यास ऑफिसातल्या मेलचा होता. तिथे माणूस स्वतः वाचलेला मेल स्वतःच शोधतो. कुणी पाठवला, साधारण कधी, कशाबद्दल, एवढं त्याला आठवत असतं.

घरच्या मेलचं तसं नसतं. अकाउंट एकाच्या नावावर असतं आणि गरज दुसऱ्यालाच पडते. आमच्या ओळखीत एकांना अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं. टीपीए डेस्कवर, म्हणजे दवाखान्यात विम्याचे दावे बघणाऱ्या खिडकीवर, पॉलिसीची प्रत मागितली. वहिनींना नवऱ्याच्या फोनचा पासवर्ड ठाऊक होता, मेल उघडताही आला. त्यांनी सर्चमध्ये ‘मेडिक्लेम’ टाकलं आणि पुढ्यात जाहिरातींचा ढीग पडला. खऱ्या पॉलिसीच्या मेलमध्ये तो शब्दच नव्हता. विषयाच्या ओळीत पॉलिसीचा लांबलचक नंबर आणि इंग्रजीत एक स्वागताचं वाक्य, बाकी सगळं पीडीएफच्या पोटात. ज्यानं तो मेल वाचला होता तो आत बेडवर. अशा वेळी सर्च काय करणार? त्याला शब्द लागतो, आणि तो शब्द ज्याच्याकडे असतो तोच नेमका हजर नसतो. डाव्या बाजूला ‘तब्येत’ असं मराठीत लिहिलेलं लेबल असतं तर कुणालाही दिसलं असतं. (लेबलांची नावं मराठीत बिनदिक्कत ठेवा. यादी अक्षरांच्या क्रमानं लागते, त्यामुळे जे वर हवं त्याच्या नावाआधी 1, 2 असे आकडे घाला.)

दुसरं उदाहरण सोसायटीचं. तुम्ही म्हणता, पाठवणाऱ्याच्या नावानं शोधा. पण सोसायटीचे मेल बहुधा सेक्रेटरीच्या खाजगी पत्त्यावरून येतात. सेक्रेटरी बदलले की पत्ता बदलतो. विषयाची ओळ कधी कोरी, कधी ‘फॉरवर्ड फॉरवर्ड’. मेंटेनन्सची पावती म्हणजे मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो. चार वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी भरल्याचा पुरावा मागितला तर यातलं कुठलं टोक धरून शोधायचं? इथे फिल्टरही कुचकामी आहे, हे आधी मीच सांगतो. मेल आला की हातानं ‘घर’ हे लेबल लावायचं, बस्स. दोन सेकंदांचं काम.

बँकेच्या नावानं सर्च केलं तर आणखी एक गंमत होते: खऱ्या मेलांच्या रांगेत खोटेही येऊन बसतात. रिझर्व्ह बँकेनं बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेल्या वेबपत्त्यावर जायला सांगितलं होतं, ते याच फसवणुकीला आळा बसावा म्हणून. तेव्हा जुने फिल्टर एकदा तपासा. बँकेनं मेल पाठवायचा पत्ता बदलला असेल तर जुन्या पत्त्यावर लावलेला फिल्टर गप्प बसलेला असेल, आणि स्टेटमेंट विनालेबल पडून असेल.

जिथे सर्च उत्तम चालतो तिथे मी लेबल सांगितलेलंच नाही. रेल्वेचं तिकीट, कुरिअर, ऑनलाइन खरेदी यांना लेबल लावणाऱ्यांना मीही हसतो.

आता 15 जीबी. आर्काइव्ह केल्यानं जागा मोकळी होत नाही, हे तुमचं बरोबर. मेल इनबॉक्समधून हलतो आणि ‘ऑल मेल’मध्ये राहतो. पण जागा खाणारा तो नाही. हे 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात सामाईक आहेत. 1 जून 2021 पासून चढवलेले फोटो त्यात मोजले जातात, आणि अँड्रॉइडवाल्यांच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच खात्यावर पडतो. नुसत्या मजकुराचे हजार मेल उडवूनही काटा फारसा हलत नाही. त्यामुळे आधी स्टोरेजच्या पानावर जाऊन कुणी किती जागा घेतलीय ते बघा. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओच निघतील, लावता पैज? मेलच भरलेला असेल, तर सर्चच्या चौकटीत उजवीकडे एक चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारली की फॉर्म उघडतो. त्यात ‘साइझ’समोर 10 एमबीपेक्षा मोठे असं निवडा. हवी ती अटॅचमेंट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग मेल उडवा. आणि ‘ट्रॅश’ही रिकामा करा. तिथे मेल 30 दिवस राहतो आणि तोवर जागा अडवतो. खातं पूर्ण भरलं की नवीन मेल यायचेच थांबतात, म्हणून हे काम टाळण्यासारखं नाही.

कॉम्प्युटर कोण उघडतं? अहो, फिल्टर बनवायचा असेल तर उघडावाच लागतो. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये ती सोय नाही. शिवाय उतरवलेल्या पीडीएफ मोबाइलमध्ये कुठे जातात हे घरात कुणालाच सांगता येत नाही. कॉम्प्युटरवर एक फोल्डर करा आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग विषय लिहा: ‘2025-06 महावितरण’. नावानुसार लावलं की तारखेचा क्रम आपोआप मिळतो. आयकरची 143(1) ची सूचना (रिटर्न तपासल्यावर खातं पाठवतं ती) आली की तीही तिथेच. ती उघडायला लहान लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख असा पासवर्ड लागतो, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगून ठेवा. एक सावधगिरी मात्र घ्या. विंडोज सुरुवातीलाच ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला, जोडून टाकतं, आणि तिथे फुकटची जागा फक्त 5 जीबी. शिवाय एकीकडे फाइल उडवली की दुसरीकडूनही जाते. तो बॅकअप नव्हे. वर्षातून दोनदा पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत काढा.

हे सगळं दुसऱ्याच्या हाती लागावं यासाठी गुगलच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. आपण किमान 3 महिने खातं वापरलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसांना कळवायचं आणि ठरवलेला डेटा त्यांना द्यायचा, असं त्यात सांगून ठेवता येतं. गेल्या लेखात यावर एकच ओळ होती आणि तुम्ही ती ‘अभद्र’ म्हणून उडवून लावलीत. माझ्या मते त्या लेखातली सगळ्यात कामाची ओळ तीच. सलग 2 वर्षं न वापरलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं, मग लेबल काय आणि सर्च काय.

राहिला तुमचा प्रश्न: फिल्टर नव्या मेलांना लागतो, आधीच्या सहा हजारांचं काय? फिल्टर तयार करताना अगदी खाली ‘ऑल्सो अप्लाय फिल्टर टू मॅचिंग कन्व्हर्सेशन्स’ अशी चौकट असते, तिच्यावर खूण करा. जुन्या मेलांनाही लेबल लागेल. ‘स्किप द इनबॉक्स’वर मात्र बँक, विमा आणि आयकर यांच्यासाठी खूण करू नका, ते मेल डोळ्यांसमोर यायलाच हवेत. आणि मुलाच्या पत्त्यावर फॉरवर्ड करायचा फिल्टर लावणार असाल, तर तो फक्त पुढच्या मेलांना लागतो. जुने हवे असतील तर ते हातानेच पाठवावे लागतील.