ग्रॉस, नेट आणि दाजींचे वीस लाख

रविवारी रंकाळ्यावरून फिरून आलो तर दाजी सोप्यात बसलेले. चहा यायच्या आत त्यांनी मोबाईल पुढं केला. "पावणं, हे बघा की. चौपट! भिशीत तरी मिळतंय का एवढं?"

तालमीच्या ग्रुपवर आलेला मेसेज. आठवडाभरात मला तिघांनी पाठवला होता, तिन्ही वेळा न वाचता पुसला. आता घरातच आल्यावर वाचावा लागला. मजकूर असा: 'पठाण'ला २५० कोटी लागले, १०५० कोटी आले, म्हणजे निर्मात्याला ८०० कोटी निव्वळ नफा. ॲक्शन फिल्म कधी पडत नाही. हिट झाली की सरकार टॅक्स माफ करतं. 'सैराट' चार कोटींत शंभर कोटी करतो, मग कोल्हापुरात पाच कोटींत ॲक्शन फिल्म का नको? मराठी माणूस पैसा लावत नाही म्हणून मागं राहतो.

नुसता मेसेज असता तर सोडून दिलं असतं. पण तो पाठवणारा गृहस्थ अशीच एक फिल्म काढतो आहे आणि दाजींकडं त्यानं वीस लाख मागितलेत. बदल्यात 'निव्वळ नफ्याचे दहा टक्के'. दाजी एफडी मोडायला निघालेत. आक्काला अजून पत्ता नाही.

मी बावीस वर्षं इथल्या एका टॉकीजचे डीसीआर, म्हणजे रोजच्या वसुलीचे कागद, लिहिले. कुठल्या खेळाला किती तिकिटं फाटली, कर किती, वितरकाचा शेअर म्हणजे वाटा किती, हे रोज रात्री एका कागदावर उतरवायचं. त्यामुळं '१०५० वजा २५०' असली वजाबाकी बघितली की माझं डोकं फिरतं.

दाजींना म्हटलं, आधी उसाचं बोलू. एक टन उसातून बारा टक्के उताऱ्यानं १२० किलो साखर निघते. दुकानात ४२ रुपयांनी ती पाच हजारांवर जाते. तुमच्या खात्यावर टनाला पाच हजार कधी जमा झाले? दाजी हसले. "कारखाना, तोडणी, वाहतूक, सगळं जातंय की." मग १०५० कोटी हा दुकानातल्या साखरेचा भाव आहे. त्याला ग्रॉस म्हणतात. प्रेक्षकाच्या खिशातून गेलेला सगळा पैसा, निर्मात्याच्या खिशात आलेला नव्हे.

वहीवर एक तिकीट मांडलं. २३६ रुपयांचं. 'पठाण' २५ जानेवारी २०२३ ला आला, तेव्हा शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी होता. ३६ रुपये तिथंच गेले, राहिले २०० नेट. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात मोठं भांडण झालं. एप्रिलपासून जूनपर्यंत नव्या हिंदी फिल्म मल्टिप्लेक्सला लागल्याच नाहीत. शेवटी तह झाला: पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के वितरकाला, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढं तीस. म्हणजे आपल्या त्याच तिकिटातले पहिल्या आठवड्यात १०० रुपये सुटतात, मग ८५, मग ७५, मग ६०. बाकीचे थिएटरचे. आणि हे शंभरसुद्धा वितरकाच्या हातात पडतात. तो आपलं कमिशन आणि जाहिरातीचा खर्च कापून पुढं देतो.

आता तो मोठा आकडा. १०५० मधले साधारण ६५५ कोटी देशातले, ३९५ बाहेरचे. देशातलं नेट ५४० कोटींच्या आसपास. शेअर सरासरी ४५ टक्के धरा: २४५ कोटी. परदेशात हातात त्याहून कमी येतं, ४० टक्के धरले तर १६०. मिळून चारशेच्या घरात. त्यातून अडीचशे वजा करा. हा माझा वहीवरचा अंदाज आहे, पाच-पंचवीस कोटी इकडं-तिकडं होतील. पण आठशे कुठं आणि दीडशे कुठं! ओटीटी, टीव्ही आणि गाण्यांचे पैसे वेगळे आले असणार, म्हणून फिल्म दणदणीत फायद्यात गेली हे मला मान्य. शिवाय 'पठाण' काढणारी यशराज कंपनी स्वतःच वितरक आहे, कमिशन घरातच राहिलं. दाजींच्या गृहस्थाकडं यातलं काय आहे?

अडीचशे हा आकडाही कुणी दप्तर उघडून दाखवलेला नाही. सिनेमाच्या धंद्यातल्यांचा अंदाज आहे. मोठे नट हल्ली मानधन कमी घेऊन नफ्यात वाटा घेतात, तो वाटा 'बजेट'मध्ये दिसत नाही.

ॲक्शन पडत नाही? 'धाकड' २०२२ मध्ये आली. खर्च सत्तर-ऐंशी कोटींच्या वर सांगितला जातो, कमाईला दोन आकडी कोटीही गाठता आले नाहीत. पुढं बोलायला नको.

टॅक्समाफीत अर्धं खरं आहे. जीएसटी यायच्या आधी, म्हणजे जुलै २०१७ पर्यंत, महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता. मीच तसे डीसीआर लिहिलेत. पण ती माफी हिट-फ्लॉप बघून नव्हती, आणि आता ती नाही.

'सैराट'चं खरं आहे. चार कोटींच्या आसपास खर्च आणि शंभरावर ग्रॉस, दोन्ही खरं. पण तो ॲक्शनपट नव्हे. आणि अजूनही २०१६ च्या फिल्मचं नाव घ्यावं लागतं, यातच काय ते आलं. पाच कोटींच्या फिल्मला जाहिरातीसकट सहा धरा. सहा कोटी शेअर सुटायला तिकीटखिडकीवर सोळा कोटी जमावे लागतात. तिथं पोचणाऱ्या मराठी फिल्म वर्षाला बोटावर मोजाव्यात.

कोल्हापूरकर पैसा लावत नाही, हे मात्र माझ्यासमोर कुणी बोलू नये. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच उभी राहिली तेव्हा पाच भागीदारांतले सीताराम कुलकर्णी सराफ होते. फरक एवढाच की ते भागीदार होते, दप्तर त्यांच्यासमोर उघडं होतं.

दाजींच्या कागदावर काय आहे? स्टॅम्पपेपरवर अर्धं पान. पाच कोटींत वीस लाख म्हणजे चार टक्के. चार टक्के पैसा घालणाऱ्याला दहा टक्के नफा कोण देतो? ज्याला माहीत आहे की नफ्याची ओळ येणारच नाही, तो. थिएटर, कर, वितरक, जाहिरात, व्याज, नट, सगळे आधी जेवून उठणार. दाजींची पंगत शेवटची. 'निव्वळ' म्हणजे काय काय वजा करून, हे त्या अर्ध्या पानात कुठंच नाही.

दाजींनी माझ्यासमोरच फोन लावला. "साहेब, ते निव्वळ म्हणजे ग्रॉसवर की शेअरवर हो?"

पलीकडं जरा वेळ गाण्याचा आवाज. मग, "दाजी, फोनवर नको. शनिवारी बसू."

शनिवारी मीपण जाणार आहे. आक्कालाही घेऊन.