सोळा वर्षांचं पोर ग्रेनेडियरपेक्षा उंच कसं?

काल पार्सल आलं, धातूच्या चिमुकल्या सैनिकांचं, नेपोलियनच्या काळातल्या इंग्रज फौजेतल्या. सहा आठवडे वाट बघायला लावून. फोडलं, त्यातला ध्वजवाला एन्साइन काढला, माझ्या रंगवून तयार असलेल्या एकोणीस शिपायांशेजारी उभा केला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. हा एन्साइन, म्हणजे रेजिमेंटमधला सगळ्यात कनिष्ठ अधिकारी, बऱ्याचदा मिसरूडही न फुटलेलं पोर, माझ्या ग्रेनेडियरांच्या शाकोवरून, म्हणजे त्यांच्या उंच लष्करी टोपीवरून, आरामात पलीकडे बघतोय! बटालियनमधली धिप्पाड माणसं वेचून ज्या कंपनीत घालायचे, त्या कंपनीच्या डोक्यावरून!

पाकिटावर आकृतीची उंची छापलीय २८ मिमी. जुन्या पाकिटांवरही तेच छापलंय. कॅलिपर लावला. जुना शिपाई तळव्यापासून डोळ्यापर्यंत २८ भरतो, नवा ३१. मग हे २८ आणलं कुठून? डोळ्यापर्यंत धरलं तर खऱ्या माणसाशी प्रमाण साधारण १:५७ पडतं, टाळूपर्यंत धरलं तर १:६१. इतपत फरक असणार हे धरूनच मी खरेदी करतो. पण ३१ म्हणजे १:५२ च्या आसपास गेलो आपण! ज्याला जे हवं ते त्याने मोजायचं, कुठून कुठपर्यंत ते सांगायचं नाही, आणि पाकिटावर २८ ठोकून मोकळं व्हायचं. आधी २५ मिमी होतं, ते फुगत फुगत २८ झालं, आता २८ च्या नावाखाली ३२ खपवतात. हे माप राहिलंय कुठे?

विक्रेत्याला लिहिलं. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून, मध्ये पट्टी उभी करून फोटो पाठवला. उत्तर काय आलं? “खऱ्या सैन्यातही सगळे शिपाई एका उंचीचे नसतात.”

हे वाक्य मी काल रात्रीपासून डोक्यातून काढू शकलेलो नाही.

अहो, माणसं लहानमोठी असतात हे मलाही कळतं. मी स्वतः एका बटालियनमध्ये मुद्दाम दोन-तीन बुटके मिसळतो, रांग जिवंत दिसते. पण बंदूक लहानमोठी नसते! इंडिया पॅटर्नची मस्केट, नळी ३९ इंच, सगळी मिळून १४० सेंटिमीटरच्या आतबाहेर. बुटक्याच्या हातातही तेवढीच आणि ताडमाडाच्या हातातही तेवढीच. माझ्या जुन्या शिपायाची बंदूक २५ मिमी आहे, बरोबर बसते. नव्या पाकिटातल्या सार्जंटच्या मागे जमिनीवर एक पडलेली मस्केट ओतलीय, ती २८ च्या पुढे जाते आणि जाडीला खांबासारखी आहे. शाकोही तसाच, जुना त्याच्या आत मावेल. हाताचे पंजे बघा, माझ्या शिपायाचं तोंड झाकेल एवढे. माणूस उंच असला की त्याची टोपी, बटणं, काडतुसांची पेटी सगळं वाढतं का? सरकारी माल होता तो, एका नमुन्यावरून निघालेला. उंचीचा मुद्दा काढून मला गप्प बसवायला निघालेत.

आणि हे नेमकं कुठल्या तुकडीत झालं? ब्रिटिशांच्या ६९ व्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये. १६ जून १८१५, वॉटर्लूच्या दोन दिवस आधीची कात्र ब्राची लढाई. घोडदळापुढे टिकायला धरलेला चौकोन मोडून रांग धरायचा हुकूम आला, फ्रेंच किरासिए, म्हणजे चिलखती घोडेस्वार, अंगावर आले आणि बटालियनचा किंग्ज कलर, म्हणजे राजाचा ध्वज, गेला. ती घडी मला टेबलावर उभी करायची होती. एकोणीस शिपाई पाच महिने रंगवलेत. कॉलर आणि कफ हिरवे, तीन थरांत, त्यावर पांढरी किनार, तीही अशी की श्वास रोखून ओढायची. ध्वज कागदावर छापून, घडी मारून, कडा रंगवून तयार आहेत. खरा ध्वज सहा फूट बाय साडेसहा फूट असायचा, १:५६ ला ३३ मिमी बाय ३५ मिमी. म्हणजे धरणाऱ्या पोरापेक्षा मोठा! वारा भरला की ते पोर कसं झुंजत असेल, हेच तर दाखवायचं होतं. आता या दांडगटाच्या हातात तो ध्वज रुमालासारखा दिसतोय. सगळं चित्रच मोडलं.

टोप्यांचंही तेच. वॉटर्लू लिहिलेल्या पाकिटात जुना, नळकांड्यासारखा स्टोव्हपाइप शाको किती वेळा निघालाय! लाइन इन्फंट्रीच्या डोक्यावर समोरून उंच पट्टी असलेला बेल्जिक पाहिजे. ९५ व्या रायफल्सनी जुना ठेवला होता, कबूल, पण मी रायफल्स मागवले नव्हते. फ्रेंचांचं तर विचारूच नका. पाकिटावर १८१२ ते १८१५ आणि आत लांब शेपटांचे जुने कोट. फ्रेंच गणवेशाचे बार्दँचे नियम जानेवारी १८१२ चे, नवे आखूड कोट पलटणींपर्यंत पोचायला वेळ लागला हे मान्य. पण मग १८१५ कशाला छापता? “नेपोलियनकालीन” एवढ्या एका शब्दात पंधरा वर्षांचे गणवेश कोंबून विकायचे, म्हणजे काहीही आलं तरी बरोबरच!

मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ, गालावरूनच का जाते? पाठीवरून जाऊ दे, पट्ट्याखालून जाऊ दे, घासून काढतो. गालावर घासली की नाक जातं. संगिनी वाकून येतात त्या येतात. सरळ करताना तिसऱ्यांदा वाकवली की धातू तुटतोच, मग बसा अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडत आणि तार घालत.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो मालिका अर्धवट सोडून देतात तेव्हा. शिपाई काढतात, तोफखान्याचा फोटो दाखवतात, पुढच्या वर्षी येणार म्हणतात. मग साचे कुणाला तरी विकले जातात, नवा मालक अर्धे साचे बंद करतो, आणि आपल्याकडे तोफा नसलेली फौज उरते. माझ्या ६९ व्याचं नेमकं हेच झालं. ज्या हाताने ते एकोणीस जण कोरले, त्याच हाताचा कमांड सेट, म्हणजे एन्साइन-सार्जंट वगैरेंचा संच, होता. मी म्हटलं आधी शिपाई संपवू, मग घेऊ. तोवर तो यादीतून गेला. म्हणून हे दुसरीकडून मागवावं लागलं.

कुणी सांगेल, बेस (आकृतीखालची बैठक) पातळ कर, गवत वाढव, लक्षात येत नाही. मला येतं. पायाखालून एक मिलिमीटर कापता येईल, पण डोकं कुठून कापू? आणि कुणी म्हणेल तीन फुटांवरून सगळं सारखंच दिसतं. मी तीन फुटांवरून रंगवत नाही. भिंग लावून, दिव्याखाली, नाकापासून वीतभर अंतरावर रंगवतो.

ध्वज डबीत ठेवलेत. नवे पाच परत पाकिटात गेलेत, पाकीट फाडलेलं असल्यामुळे परत घेणार नाही म्हणतात. कुणाकडे जुन्या साच्यातले बेल्जिक शाकोवाले एन्साइन पडून असतील, बिनरंगाचे, दोनच, तर सांगा. आणि सांगताना कृपा करून २८ मिमी म्हणू नका. तळव्यापासून डोळ्यापर्यंत पट्टी लावून आकडा सांगा.