ज्याचा त्याचा देव, ज्याचं त्याचं भांडण

वकिलाने कट्ट्यावर येताच काडी टाकली. "तास तास पूजेला बसणाऱ्यांचं देवाशी जमतं, माझं नाही. मी त्याच्याशी भांडतो."

"मग जमतंय की!" मास्तर म्हणाले. "तुकोबा कमी भांडले? माझ्या लेखी देव मेला, इथवर गेले. जनाबाईने तर विठ्ठलाला सरळ शिव्या घातल्या. परक्याशी कोण एवढं भांडतं?"

अण्णांना हे रुचलं नाही. जपमाळेचा एक मणी चुकला तरी पहिल्यापासून सुरू करणारा माणूस! "असं म्हटलं की प्रत्येक जण सोयीची वाट काढतो. आळशी म्हणतो, आमची मानसपूजा असते." सगळ्यांनी इंजिनिअरकडे बघितलं.

मास्तर आता थांबणार नव्हते. भागवतात प्रल्हादाने सांगितलेली नवविधा, म्हणजे नऊ प्रकारची भक्ती, दासबोधाच्या चौथ्या दशकात तिच्या एकेका प्रकाराला दिलेला एकेक समास, सगळं निघालं. "बोलक्याला कीर्तन, अबोलाला स्मरण, राबणाऱ्याला दास्य, मैतरांत रमणाऱ्याला सख्य. आणि गीतेचा सातवा अध्याय बघा. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी. अडचणीत आठवण येणारा आणि मागायला येणारासुद्धा भक्तच. चौघांनाही उदार, म्हणजे थोर म्हटलंय."

"पुढचंही वाचा," अण्णा म्हणाले. "ज्ञानी तर माझा आत्माच, असंही तिथेच आहे. सगळे सारखे नाहीत." हा मुद्दा बिनतोड होता, मास्तरांनीही वाद घातला नाही.

इंजिनिअर इतका वेळ गप्प होता. "म्हणजे शिस्तीच्या माणसाला हिशेब ठेवणारा देव, एकट्याला सखा, हळव्याला माउली. अरे, मग हा आपलाच स्वभाव झाला, मोठ्या अक्षरात छापलेला!"

माझ्या मते त्या दिवसाचा खरा प्रश्न हाच होता. नऊ असोत की चार, नुसत्या प्रकारांच्या याद्यांनी त्याचं उत्तर मिळत नाही.

उत्तर दिलं ताईने. ती नर्स आहे. "मला डोळे मिटून बसवत नाही, उद्याची कामं दिसतात. पण पेशंटची कूस बदलताना, पाठ पुसताना ओठांत नाम चालू असतं. तो माझा स्वभावच, कबूल. पण एक म्हातारे होते, हात लावला की शिवीगाळ. त्यांच्या कॉटपाशी नाम बंदच पडायचं. राग यायचा, किळस यायची. तरी रोज त्यांचं सगळं केलं. ते काही माझ्या स्वभावातलं नव्हतं."

"त्याला ट्रेनिंग म्हणतात," इंजिनिअर म्हणाला.

"ट्रेनिंगने हात चालतात रे. शेवटी शेवटी त्यांच्यावर माया बसली, ती कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात?"

इंजिनिअरने सवयीवर बोट ठेवलं, अण्णांनी कर्तव्यावर, मास्तरांनी दास्यभक्तीवर. वकील म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला तशा अवस्थेत ठेवल्याबद्दल देवाला आधी जाब विचारायला हवा." मग तिथून पुन्हा सगळं सुरू झालं.