फोटो चुकलाय हो

लंडनची पहिली भुयारी रेल्वे १८६३ ची हे लेखात बरोबर दिलंय, पण सोबतचा गोल बोगद्याचा फोटो तिचा नाहीच. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही लाइन सरळ रस्ता खणून, विटांची कमान बांधून, वर परत माती लोटून केलेली, म्हणजे जेमतेम रस्त्याखाली. आणि त्यात चक्क वाफेची इंजिनं! वाफ टाकीतल्या पाण्यात जिरवायची सोय होती पण धूर कुठे जाणार, पॅसेंजर बिचारे गॅसच्या दिव्यात खोकत बसायचे. जून १८६२ मध्ये फ्लीट नदीचं जमिनीखालून नेलेलं गटार फुटून चालू कामात पाणी शिरलं तेही यायला हवं होतं. आणि ज्या चार्ल्स पिअर्सनने वर्षानुवर्षं या लाइनसाठी सगळ्यांचं डोकं खाल्लं तो उद्घाटनाच्या काही महिने आधीच गेला, त्याचं साधं नाव पण नाही??

गोल बोगदे, विजेच्या गाड्या हे १८९० चं, सिटी अँड साउथ लंडन रेल्वेचं. त्या डब्यांना खिडक्या म्हणजे छताजवळ नुसत्या फटी, भुयारात बघायचंय काय म्हणून, लोक त्यांना वेड्यांच्या इस्पितळातल्या गाद्या ठोकलेल्या खोल्या म्हणायचे 😄 असो, फोटो तेवढा बदला.