‘५,००० रुपयांत आयुष्यभराचा फुकट क्लाउड’: मामांच्या फॉरवर्डला उत्तर

महिनाभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, कॉलेजच्या, कंपनीतल्या आणि शेवटी आमच्या घरच्या ग्रुपवर, तोही मामांकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘फोटो-फाइल ठेवायला गूगलला दरमहा पैसे कशाला देता? एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा, एका बोर्डावरचा कंप्युटर; कुठलाही चालतो), जुना मोबाईल चार्जर आणि घरात पडलेली हार्डडिस्क घ्या. ५,००० रुपयांत आयुष्यभराचा फुकट क्लाउड. वीजबिल शून्य. दोन डिस्क लावा, बॅकअपची चिंता खल्लास. राउटरमध्ये एक पोर्ट उघडा आणि जगात कुठूनही फोटो बघा. एकदा लावा आणि विसरून जा.’

मामा नुसतं फॉरवर्ड करून थांबणारे नाहीत. नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्स केलेला माणूस, त्यांनी सिडकोतल्या घरी ते उभंही केलं होतं. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

आधी एक सांगतो. इंदिरानगरच्या माझ्या घरी २०२३ पासून पाय ४ वर असाच सर्व्हर चालू आहे. त्यामुळे ‘ही खेळणी आहेत, तयार पेटीच विकत घ्या’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. बोर्ड हे काम व्यवस्थित करतं. माझं भांडण मेसेजमधल्या ‘फुकट’, ‘जुना’ आणि ‘विसरून जा’ या शब्दांशी आहे.

‘कुठलाही पाय, जुना चार्जर, पडलेली डिस्क, ५,०००’

कुठलाही पाय चालत नाही असं नाही, पण चालण्या-चालण्यात फरक आहे. मामांनी कुणाचा तरी वापरलेला पाय ३ बी घेतला. त्या बोर्डावर नेटवर्कचं पोर्ट १०० मेगाबिटचं, आणि तेही यूएसबी २ च्याच वाटेनं जातं. म्हणजे डिस्क आणि नेटवर्क एकाच बोळातून. सेकंदाला ११ एमबी मिळाले तर नशीब. मामेबहिणीच्या लग्नाचे १८० जीबी फोटो-व्हिडिओ चढवायला साडेचार तासांच्या आसपास लागतात. २०१९ मध्ये पाय ४ आला, तेव्हा पहिल्यांदा खरं गिगाबिट (१,००० मेगाबिटचं) नेटवर्क आणि यूएसबी ३ मिळालं. तेच काम माझ्याकडे अर्ध्या तासात होतं. रात्री झोपताना कॉपी लावून द्यायची असेल तर ३ बी सुद्धा पुरतो, पण मग मेसेजवाल्यानं तसं सांगावं.

खरी गंमत चार्जरची. मामांचा फोन आला, ‘अरे, डिस्क दिसते, मग गायब होते. परत दिसते.’ रविवारी गेलो. टीव्हीच्या वर सनमायकाची फळी, त्यावर बोर्ड आणि दोन छोट्या डिस्क. कान लावला तर एक डिस्क टक्... टक्... टक् करत होती, फिरायला लागायची आणि दमून थांबायची. टीव्हीच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं छोटं चिन्ह.

‘हे तर पहिल्या दिवसापासून आहे,’ मामा म्हणाले. ‘मला वाटलं, चार्जिंग चालू असल्याची खूण असेल.’

ती खूण बरोबर उलटी असते. बोर्डाला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ती उमटते. मोबाईलचा चार्जर बॅटरी भरण्यासाठी बनलेला असतो. दाब थोडा खाली-वर झाला तरी बॅटरीला काही वाटत नाही. बोर्डाला वाटतं. त्यात बारीक तारेची केबल असली की तिथेच अर्धा व्होल्ट खपतो. पाय ३ ला ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअर हवेत, पाय ४ ला ३ अँपिअर. पाय ५ ला तर ५ व्होल्टवरच ५ अँपिअर लागतात, आणि ते बहुतेक फास्ट चार्जरना जमत नाही, कारण ते जादा ताकद ९ किंवा २० व्होल्टवर देतात. तसा चार्जर लावला की पाय ५ यूएसबीचा सगळा पुरवठा मिळून ६०० मिलिअँपिअरवर आणून ठेवतो. अडीच इंची डिस्क सुरू होताना एकटीच अँपिअरभर ओढू शकते. आता दोन लावून बघा.

मामांकडे विजेचा स्वतंत्र पुरवठा असलेला यूएसबी हब आणि बोर्डाचा अधिकृत अडॅप्टर आणला. टकटक त्याच दुपारी बंद. मेंटेनन्समधल्या माणसाला हे सांगायला मला संकोच वाटत होता, पण मामाच म्हणाले, ‘मोटर सुरू होताना जास्त करंट घेते, हे मी पोरांना शिकवायचो रे.’

पडलेल्या डिस्कबद्दल एवढंच: वापरण्याआधी तिची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती प्रकृतीची नोंद, वाचा. किती तास चालली आहे आणि किती सेक्टर (डेटा ठेवायचे कप्पे) खराब होऊन बदलले गेले आहेत, ते तिथे लिहिलेलं असतं. वर्षाचे ८,७६० तास होतात. आकडा ३०,००० च्या पुढे असेल तर ती साडेतीन वर्षं अखंड फिरली आहे. बदललेल्या सेक्टरांचा आकडा शून्य नसेल आणि महिन्यागणिक वाढत असेल, तर तिच्यावर सिनेमे ठेवा, लग्न नको.

माझ्या वहीतला २०२३ चा हिशोब: बोर्ड ५,६००, अडॅप्टर ७५०, डबी आणि पंखा ६५०, एसडी कार्ड ४५०, हब १,६००, दोन टीबीच्या दोन डिस्क ११,४००. एकूण २०,४५० रुपये. निम्म्याहून जास्त पैसे डिस्कमध्ये गेले, आणि तसेच जायला हवेत.

‘वीजबिल शून्य’

शून्य नाही, पण इथे मेसेजशी फार भांडत नाही. बोर्ड, हब आणि डिस्क मिळून १० वॅट धरा. महिन्याला ७.२ युनिट. युनिटला १० रुपये लावले तरी ७२ रुपये. दोन प्लेट मिसळही येत नाही त्यात.

‘दोन डिस्क लावा, बॅकअपची चिंता खल्लास’

मेसेजमधलं सगळ्यात महागडं वाक्य हे.

मामांनी दोन डिस्क मिरर करून जोडल्या होत्या, म्हणजे रेड १. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवर. शिवाय मामींच्या फोनमधला फोटोंचा फोल्डर आणि सर्व्हरवरचा फोल्डर सतत सारखे ठेवणारं एक अ‍ॅप टाकलं होतं. मे महिन्यात मामींच्या फोननं ‘जागा संपली’ म्हणून सांगितलं. मामींनी विचार केला, फोटो आता सर्व्हरवर आहेतच, आणि नातवाच्या पहिल्या वर्षाचा सगळा फोल्डर फोनमधून उडवला. अ‍ॅपनं आपलं काम चोख केलं: फोनवर नाही तर सर्व्हरवरही नको. मिररनंही आपलं काम चोख केलं: एका डिस्कवर नाही तर दुसरीवरही नको. कुठेच काही बिघडलं नव्हतं. सगळं जसं चालायला हवं तसं चाललं आणि फोटो गेले.

काही व्हॉट्सअ‍ॅपवरून परत मिळाले, लहान आणि धुरकट होऊन. बारशाचे एका चुलत आत्याकडे निघाले. पहिलं पाऊल टाकतानाचा व्हिडिओ मिळाला नाही. मामी अजूनही मला विचारतात, ‘पण दोन डिस्क होत्या ना?’

मिरर असतो तो एक डिस्क मेली तरी काम थांबू नये म्हणून. दुकानाच्या बिलिंगला त्याचा उपयोग आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक उभं असताना मशीन बंद पडून चालत नाही. घरच्या फोटोंना ती घाई नसते. फोटो दोन दिवस दिसले नाहीत तर आभाळ कोसळत नाही. कायमचे गेले तर कोसळतं. चुकून पुसलं, व्हायरसनं फाइल कुलूपबंद केल्या, पोरानं बोर्डावर पाणी सांडलं, चोर पेटी घेऊन गेला, यातल्या एकालाही मिरर अडवत नाही. वर यूएसबीवरचा मिरर म्हणजे नाजूक प्रकरण. केबल जरा हलली की एक डिस्क जोडीतून बाहेर पडते आणि पुन्हा जुळवाजुळव करायला तासन् तास जातात.

माझ्याकडे दुसरी डिस्क मिरर नाही. रात्री तीनला आरसिंक (फाइलींची प्रत काढणारा प्रोग्राम) चालतं आणि त्या तारखेच्या नावानं नवा फोल्डर तयार करतं. न बदललेल्या फाइलींची हार्डलिंक (त्याच फाइलीला दिलेलं दुसरं नाव) लागते, म्हणून रोज नवा फोल्डर दिसला तरी जागा फक्त बदललेल्या फाइलींचीच जाते. आज काही पुसलं गेलं तर मंगळवारच्या फोल्डरमध्ये ते शाबूत असतं. मामींच्या हातून झालं ते माझ्या घरी झालं असतं तर पाच मिनिटांत परत आलं असतं.

आणि तिसरी प्रत घराबाहेर हवी. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की सराफ बाजारातले लोक माल वरच्या मजल्यावर हलवायला लागतात. सगळा माल एकाच तळघरात ठेवणारा तिथे कुणी भेटणार नाही. फोटोंच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो.

‘एक पोर्ट उघडा, जगात कुठूनही बघा’

पोर्ट उघडणं म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी राउटरमध्ये एक दार उघडं ठेवणं. बऱ्याच घरी हे मुळात चालणारच नाही. कित्येक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर इंटरनेट बाजूचा पत्ता पाहा, तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल तर तुम्ही त्यातलेच. बाहेरून येणाऱ्याला सोसायटीचं गेट सापडतं, तुमचा फ्लॅट सापडत नाही. मामांनी दोन रविवार यात घालवले आणि राउटरला शिव्या दिल्या.

ज्यांच्याकडे चालतं त्यांनी फाइल शेअरिंगचं पोर्ट तर मुळीच उघडू नये. फाइल शेअर करणारा सांबा हा प्रोग्राम ज्या एसएमबी पद्धतीनं बोलतो, तिच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातूनच मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभरच्या विंडोज मशीनमध्ये घुसला. त्याच महिन्यात खुद्द सांबातही एक गंभीर भोक जाहीर झालं. ही दारं घरातल्यांसाठी आहेत, रस्त्यासाठी नाहीत. बाहेरून बघायचंच असेल तर वायरगार्ड (घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा, म्हणजे व्हीपीएन) लावा. सीजीनॅट असेल तर त्यावरच बांधलेलं टेलस्केल वापरा. ते पोर्ट न उघडता चालतं.

‘एकदा लावा आणि विसरून जा’

विसरायची सोय कुणी केलेली नाही. वळवाच्या पहिल्या पावसात वीज चार वेळा गेली आणि मामांच्या एसडी कार्डवरची सिस्टिम उठेचना. कार्डवर लिहिणं चालू असताना वीज गेली की असं होतं. डिस्कवरचा डेटा सहसा वाचतो, पण घरच्यांना ‘सर्व्हर मेला’ एवढंच दिसतं. चालत्या कार्डाची एक इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवली की नवं कार्ड अर्ध्या तासात तयार होतं. बोर्ड इन्व्हर्टरवर घ्या आणि त्यावर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते दाबलेलं आहे का पाहा, नाहीतर वीज बदलतानाच्या झटक्यातही बोर्ड रीस्टार्ट होऊ शकतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो. बंद डबीतलं बोर्ड ८० अंशांच्या आसपास गेलं की स्वतःच वेग कमी करतं. टीव्हीवरच्या फळीवरून ते खिडकीजवळ आणलं, झालं. अपडेट महिन्यातून एकदा. पासवर्ड कागदावर लिहून मामींच्या कपाटात, कारण मामा गावाला गेले की सगळं बंद.

मामांनी मेसेज ग्रुपवरून काढलेला नाही, पण आता मिरर मोडून दोन्ही डिस्क वेगळ्या केल्या आहेत आणि एक तिसरी घेतली आहे. तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करनं ‘आनंदवल्ली’ लिहिलं आहे. दर संकष्टीला ते आनंदवल्लीतल्या नवश्या गणपतीला जातात. जवळच धाकटी मावशी राहते, तिसऱ्या मजल्यावर. आदल्या रात्री मावशीकडची डिस्क आणून ठेवलेली असते, तिच्यावर नवी प्रत घेतात आणि प्रसादाबरोबर परत नेऊन देतात. गेल्या संकष्टीला मामींनी ती देण्याआधी स्वतः लॅपटॉपला लावली, लग्नाचा एक व्हिडिओ उघडला, मंगलाष्टकं संपेपर्यंत पाहिला आणि मग पिशवीत टाकली.