शून्यापासून म्हणे!

शनिवारी, 17 मे 2025 रोजी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडच्या 'फ्रॉम झिरो' या अल्बमची सीडी माझ्या हातात पडली. आणि त्याच अल्बमची, तीन नवी गाणी जोडलेली 'डिलक्स' आवृत्ती आदल्याच दिवशी, शुक्रवारी 16 तारखेला, साऱ्या जगासाठी बाहेर आलेली होती. एवढे एक वाक्य लिहून मी थांबलो असतो तरी समदुःखितांना पुढचे सगळे समजले असते. परंतु थांबण्याइतका शांतपणा माझ्यात शनिवारपासून उरलेला नाही.

सीडी मागवली होती मार्चच्या पहिल्या आठवड्यात. विक्रेत्याच्या यादीत 'बेळगाव' वेगळे आणि 'बेळगावी' वेगळे अशी दोन गावे होती. नाव बदलल्याला दहा वर्षे उलटून गेली हे लक्षात घेऊन मी मुकाट्याने दुसरे निवडले, टिळकवाडीचा 590006 हा पिनकोड घातला आणि दोन हजारांच्या घरातली रक्कम भरून मोकळा झालो. लेबल छापताना मात्र कोणा महाभागाने गावापुढे 'महाराष्ट्र' असे छापून टाकले. बेळगाव महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे, हा जो प्रश्न 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून लोंबकळत आहे, ज्याच्यासाठी महाजन आयोग बसला आणि उठलाही, ज्याचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तो प्रश्न या गृहस्थाने चार इंची चिकटपट्टीवर एका शब्दात निकालात काढला. एरवी आमच्या घरातल्या थोरल्यांनी अशा माणसाला बोलावून घेऊन कुंदा भरवला असता. मला मात्र त्याच्या या उदार निर्णयाची फळे भोगावी लागली, कारण पार्सल महिनाभर कोल्हापुरात पडून राहिले, तेथून 'पत्ता चुकीचा' असा शेरा घेऊन मुंबईला परत गेले, मग हुबळीला पोहोचले, आणि हुबळीहून निघाल्यावर बेळगाव ओलांडून पुन्हा एकदा कोल्हापूरचे दर्शन घेऊन आले. अंबाबाईला मी स्वतः गेल्या पाच वर्षांत दोनदा गेलेलो नाही.

अखेर दारात उभा राहिलेला पोरगा लेबल वाचून मलाच विचारू लागला, "सर, हे महाराष्ट्राचं पार्सल हाय न्हवं? तुमच्याकडं कसं आलं वो?" मी काही बोललो नाही. त्याचा दोष नव्हता, आणि ज्याचा दोष होता तो माझ्या आवाजाच्या टप्प्यात नव्हता.

खोके हलवले तेव्हाच आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. सीडीच्या डबीत मधोमध जे प्लॅस्टिकचे बारीक दात असतात, ज्यांच्यावर चकती बसते, त्यांतले चार मोडून आत मोकळे फिरत होते आणि त्यांनी कोल्हापूर, मुंबई, हुबळी आणि पुन्हा कोल्हापूर एवढ्या प्रवासात चकतीच्या चकचकीत बाजूवर आपापल्या रेघा नीट ओढून ठेवल्या होत्या. माझ्या 2004 सालच्या म्युझिक सिस्टीमचा ट्रे टपली मारल्याशिवाय बाहेर येत नाही. मी टपली मारली, चकती ठेवली, सातवे गाणे दोन ठिकाणी अडखळले. आणि त्याच क्षणी पुण्याच्या मावसभावाचा संदेश आला की, डिलक्स ऐकलास का, जादाची तीन गाणी भारी आहेत.

आता मुद्दा असा की, ही डिलक्स आवृत्ती काही अचानक आकाशातून पडलेली नव्हती. मार्चअखेरीस, म्हणजे माझे पार्सल कोल्हापुरात विसावा घेत होते त्याच सुमारास, मंडळींनी ती जाहीर केली होती. मी तत्काळ मागणी रद्द करायला गेलो, तर 'पार्सल मार्गस्थ झाले आहे' असे उत्तर आले. मार्गस्थ! मूळ अल्बम 15 नोव्हेंबर 2024 चा. सहा महिने उलटून एक दिवस झाला आणि ज्यांनी आधी विश्वास टाकून पैसे मोजले त्यांच्या तोंडाला पाने पुसून, जे नुसते काठावर बसून होते त्यांना भरल्या ताटावर बोलावले. तीन गाणी तयार होती तर नोव्हेंबरात द्यायची होती, आणि नंतर सुचली असतील तर पुढच्या अल्बमासाठी ठेवायची होती. भाजी वाढून झाल्यावर, पाहुणा हात धुऊन उठल्यावर, आतून पुरणपोळी आणणाऱ्या यजमानाला आमच्याकडे कोणी रसिक म्हणत नाही.

आणि पुरणपोळीची आठवण होते ती ताट अर्धे रिकामे असते म्हणूनच. सात वर्षांनी आलेला अल्बम, त्यावर अकरा नोंदी, त्यांतली पहिली 22 सेकंदांची प्रस्तावना, म्हणजे गाणी दहा; आणि सगळे मिळून जेमतेम 32 मिनिटे. रविवारी मी खानापूरहून बसने परत येतो. स्टँडवर बस सुटताना अल्बम सुरू केला, तर मच्छे येईपर्यंत तो संपलेला असतो आणि पुढे पिरनवाडी, उद्यमबाग असा सगळा रस्ता मला शेजारच्या माणसाच्या मोबाइलवरचे विनोद ऐकत काढावा लागतो. त्यांचा 2000 सालचा पहिला अल्बम 'हायब्रिड थिअरी' तरी कुठे मोठा होता, असे मला कोणी सांगायला येऊ नये. तो 38 मिनिटांच्या आतला होता हे मला पाठ आहे. पण त्यात बारा गाणी होती, ती पोरे नवखी होती, आणि त्यांना सांगण्याची घाई होती. पंचवीस वर्षे धंद्यात मुरलेल्या माणसांना कसली घाई?

घाई नसेल, तर मग भीती असावी. माझी खरी तक्रार येथे सुरू होते. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासनीस आहे. आमच्याकडे एकदा पॅटर्न, म्हणजे मूळ नमुना, मंजूर झाला की त्यावरून वाळूत साचे उठवायचे, धातूचा रस ओतायचा आणि एकासारखे एक कास्टिंग काढत राहायचे. दहाव्या नगात आणि दहा हजाराव्या नगात फरक दिसला तर तो नग मी बाजूला फेकतो. पंपाच्या बॉडीसाठी ही पद्धत उत्तम आहे. गाण्यांसाठी नाही. 'टू फेस्ड' लावा. तीच स्क्रॅचिंग, तोच माइक शिनोडाचा रॅप, तीच ठोकून बसवलेली गिटार, आणि मध्यावर जी दटावणी येते ती 2000 सालच्या अल्बमात बरोबर त्याच जागी आलेल्या दटावणीची सख्खी धाकटी बहीण. 'हेवी इज द क्राउन' लावा. ते लीग ऑफ लेजेंड्स या व्हिडिओ गेमच्या 2024 च्या जागतिक स्पर्धेसाठी वापरले गेले. त्यात 2003 च्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमामधली, 'मेटिओरा'मधली, लगबग जशीच्या तशी आहे, आणि शेवटाकडे पंधरा-सोळा सेकंदांची एका दमातली जी किंकाळी आहे ती 2007 च्या एका गाण्यातल्या सतरा सेकंदांच्या किंकाळीशी स्पर्धा करायला मुद्दाम घातल्यासारखी वाटते. मी घड्याळ लावून मोजली आहे. अशा वेळी मनुष्य गाणे ऐकत नसतो, तपासणी करत असतो, हे मला मान्य आहे. पण ती सवय त्यांनीच लावली.

आणि नाव काय, तर 'शून्यापासून'! बँडचे 1996 मधले पहिले नाव झिरोच होते, फक्त एक्सने लिहिलेले, त्यावर ही कोटी. कोटी चांगली आहे, तक्रार नाही. परंतु शून्यापासून सुरुवात करतो असे म्हणणाऱ्याने जुने पॅटर्न भट्टीत टाकायचे असतात, घासूनपुसून पुन्हा वाळूत दाबायचे नसतात. शिळ्या कढीला ऊत आणायचाच तर तिला नवा पदार्थ म्हणू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर मला त्या भलत्याच टोळीत ढकलले जाईल. सप्टेंबर 2024 मध्ये नवी गायिका म्हणून एमिली आर्मस्ट्राँगचे नाव जाहीर झाल्यापासून, दिवंगत गायकाच्या नावाने "चेस्टर नाही तर लिंकिन पार्क नाही" असा टाहो फोडणाऱ्यांचा मला मनापासून वैताग आहे. ते स्वतः मरेपर्यंत तेच गाणे तसेच ऐकणार, आणि दुसऱ्यांनीही तसेच ऐकावे म्हणून पहारा देणार. तिचा गळा खणखणीत आहे. 'द एम्प्टिनेस मशीन'मध्ये पहिले कडवे माइक म्हणतो, धृपदही तोच म्हणतो, आणि दुसऱ्या कडव्याला ती अशी आत येते की बंद खोलीचे दार कोणीतरी खांद्याने उघडावे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी स्कूटर बाजूला घेऊन थांबलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. 'ओव्हर इच अदर' तर ती एकटीने पेलते. म्हणूनच राग येतो! उंचीला बरोबर बसतो म्हणून गेलेल्या माणसाचा सदरा नव्याने आलेल्याच्या अंगात घालावा आणि वर "बघा, किती शोभतो" म्हणून विचारावे, तसे बहुतेक गाण्यांत तिचे केले आहे. तिला तिच्या मापाचे कापड फाडून द्यायला काय झाले होते? 'ओव्हरफ्लो'मध्ये तसे जरा होऊ लागते. गाणे संथ होते, अंधुक होते, कोठे जाईल याचा नेम राहत नाही, आणि आता खरेच काही घडणार असे वाटत असताना संपते.

हे सर्व शनिवारी रात्री मी आईसमोर बोलत होतो. तिने शेंगा सोलता सोलता विचारले, "त्येच त्येच परत परत लावून कशाला ऐकायलास मग?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. शिवाय त्याच रात्री झोप येत नाही म्हणून मी जुन्या वह्या काढल्या. मला प्रत्येक अल्बम ऐकून वहीत मत लिहून ठेवण्याची खोड आहे. वाचणारा कोणी नाही. 2007 ची नोंद: 'रॅप कमी केला, घात केला.' 2010 ची नोंद तर दोन पाने आहे आणि तिचा मथितार्थ असा की, 'अ थाउजंड सन्स'मध्ये या लोकांनी आपला जुना साचा मोडून टाकला, त्यांना चाहत्यांची किंमत नाही, आम्हाला पूर्वीसारखेच हवे होते. खाली दोनदा अधोरेखन केले आहे. म्हणजे साचा मोडला तेव्हाही मी बोंब मारली आणि साचा ठेवला तेव्हाही बोंब मारतो आहे. अशा गिऱ्हाइकाला आमच्या फाउंड्रीत चहासुद्धा विचारत नाहीत.

मे 2017 ची नोंद मी पूर्ण वाचली नाही. 'वन मोअर लाइट' फार गुळमुळीत झाला आहे, असे त्यात लिहिले होते, आणि चेस्टर बेनिंग्टनच्या आवाजाबद्दल एक हिणकस शब्द वापरला होता. दोन महिन्यांनी, 20 जुलैला, तो गेला. एकेचाळीस वर्षांचा होता. मी तेव्हा पस्तिशीही गाठलेली नव्हती. आज मी त्याच्याहून मोठा आहे. ते पान मी फाडलेले नाही, पण वही परत माळ्यावर ठेवली.

तरीही पश्चात्तापाने माणूस शहाणा होतो असे नाही. रविवारी सकाळी मोडके दात डबीतून झटकताना पुन्हा तिडीक उठली, कारण मला एकाएकी जुना हिशेब आठवला. खडे बाजारात सव्वाशे रुपये देऊन घेतलेली 'हायब्रिड थिअरी'ची कॅसेट. मग 2002 मध्ये तीच गाणी उलटीसुलटी करून 'रीअ‍ॅनिमेशन'. 2003 मध्ये तीच गाणी टेक्सासच्या मैदानावर. 2004 मध्ये तीच गाणी जे-झी या रॅपरच्या गाण्यांत कालवून. 2020 मध्ये पहिल्या अल्बमला वीस वर्षे झाली म्हणून पुन्हा एकदा, 2023 मध्ये दुसऱ्याला वीस झाली म्हणून आणखी एकदा, आणि एप्रिल 2024 मध्ये 'पेपरकट्स' नावाने निवडक गाण्यांचा गठ्ठा, ज्यात माझ्याकडे नसलेले गाणे शोधावे लागत होते. एकाच म्हशीचे दूध इतक्या वेळा काढलेले मी वडगावच्या गोठ्यातही पाहिलेले नाही. आणि प्रत्येक वेळी बादली घेऊन रांगेत उभा कोण? कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे वाक्य आमच्या सौभाग्यवतींनी न विचारता पुरवले.

रविवारी संध्याकाळी खानापूरहून परतताना मी हट्टाने डिलक्समधली तीन गाणी ऐकायची नाहीत असे ठरवले होते. मच्छे आले, मूळ अल्बम संपला, आणि मोबाइलने मला न विचारता पुढचे गाणे सुरू केले. पिरनवाडीपर्यंत मी ते थांबवले नाही. तिन्ही चांगली आहेत. त्यांतले एक तर मूळ दहांतल्या निदान चार गाण्यांपेक्षा चांगले आहे, आणि ते माझ्या दोन हजारांच्या, रेघा पडलेल्या, सातव्या गाण्यात अडखळणाऱ्या चकतीवर नाही, या विचाराने उद्यमबागेच्या थांब्यावर उतरायचे राहून गेले.

रात्री मावसभावाचा फोन आला. डिलक्सची सीडी मिळते का बघू का, म्हणून विचारत होता. मी अर्धा तास त्याला वरचे सगळे ऐकवले. मग, मागवणारच असलास तर राज्याच्या रकान्यात कर्नाटक लिही, असे सांगून फोन ठेवला.